उठले आजोबा

बुटांच्या दुकानात तसं काहीच घडलं नाही. भाचीला शाळेच्या शर्यतीसाठी बूट घ्यायचे होते. लेसचेच हवेत, पट्टीचे लहान मुलांचे असतात, असं तिने घरूनच जाहीर केलं होतं. ती खाली फरशीवर बसून लेस ओढत होती, बहीण वाकून अंगठा कुठवर येतोय ते दाबून बघत होती, आणि मी आरशाजवळच्या मऊ स्टुलावर बसून जांभया देत होते. "चालून दाखव बघू," दुकानदार म्हणाला. भाची उठली. म्हणजे आधी ती हातापायांवर ओणवी झाली, मग तिने पाय ताठ केले, मग एक हात एका गुडघ्यावर, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, आणि मग मांड्यांवरून हात एकेक करून वर सरकवत, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखी, ती उभी राहिली. "अरे वा, आजीबाई! कंबर धरली काय?" दुकानदार म्हणाला. बहीण हसली. भाची तर खिदळलीच. मीसुद्धा हसले, कारण अशा वेळी तोंड आपलं आपण हसतं.

उठले आजोबा! हे दुकानात कुणी म्हटलं नव्हतं. ते माझ्या कानात आईच्या आवाजात वाजलं, आणि इतकं स्वच्छ वाजलं की मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती खोकी. माझा भाऊ असाच उठायचा. माझ्यापेक्षा धाकटा, आणि बहिणीच्या जन्माआधीच गेलेला, त्यामुळे तिच्यासाठी तो भिंतीवरचा एक फोटो. फोटोत तो मोडक्या छत्रीचा दांडा काठीसारखा टेकून उभा आहे. ती काठी बाबांनीच त्याला करून दिली होती, खेळायला, कारण घरातला आजोबा तो. जमिनीवरून उठताना गुडघे धरायचा म्हणून आजोबा. "उठले, उठले, आजोबा उठले!" आई टाळ्या वाजवायची, आणि त्यालाही ते इतकं आवडायचं की तो मग खोकून दाखवायचा, "माझा चष्मा कुणी घेतला रे?" म्हणून सगळ्यांना दरडावायचा, आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. पाहुणे आले की फर्माईश व्हायची. तो बिचारा मुद्दाम खाली बसायचा आणि उठून दाखवायचा. याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने उठताच येत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग तो जिन्यावर मध्येच बसायला लागला, मग बसल्याबसल्या धापा टाकायला लागला. एका दुपारी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तो तिच्या शेजारी उशीला टेकून बसला होता, आणि बसल्या जागी त्याचा श्वास थांबला. आईच्या हातात त्याचाच सदरा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ती घडी पूर्ण केली. हे मी दारातून पाहिलं आहे, आणि त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

या उठण्याला वैद्यकात जागा आहे हे मला कॉलेजात कळलं. वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात ओळीने चित्रं होती: एक उघडा मुलगा फरशीवर ओणवा, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, मग उभा. शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, काय गं, एवढी पांढरी का पडलीस? मी म्हटलं, काही नाही, हा आमच्या घरातला विनोद आहे. शरीर साखर साठवून ठेवतं, आणि लागेल तशी फोडून वापरतं. ती फोडणारं एक एन्झाइम काही मुलांच्या अंगात तयारच होत नाही. मग साखर स्नायूंत साचत जाते, अडगळीच्या खोलीत सामान कोंबत जावं तशी, आणि एक दिवस त्या खोलीचं दार उघडत नाही. आईकडून एक बिघाड आणि बापाकडून एक, असे दोन जमले तरच हे होतं. आमच्या घरात ते होतंच. म्हणून मी लग्नाच्या वाटेलाच गेले नाही. बहीण म्हणाली, "ताई, तू फार विचार करतेस बाई." तिने लग्न केलं, आणि मेहुणा, कुठचा कोण, त्याच्याकडेही नेमकं तेच निघालं, आणि भाचीच्या वाट्याला दोन्ही आले. भाची झाली तेव्हा मी दवाखान्यात तिच्या पायांच्या पोटऱ्या चाचपून बघत होते, आणि बहीण म्हणाली होती, "अगं, तोंड बघ ना आधी तिचं."

दुकानातून घरी जाताना मी मागे राहिले. भाची नवे बूट घालूनच निघाली होती. ती धावत नव्हती, पण धावत नसलेली मुलं जगात पुष्कळ असतात. फुटपाथच्या कडेवर चढताना तिने बहिणीचा हात धरला, पण तोही सगळीच मुलं धरतात. बहीण नको इतकं बोलत होती, शेजारणीच्या मांजराबद्दल, गच्चीतल्या गळतीबद्दल, कशाबद्दलही. "ताई, तू गप्प का?" तिने विचारलं. "दात दुखतोय," मी म्हटलं. दात ठणठणीत होता. मला तिला थांबवून विचारायचं होतं, तुला दिसलं का गं? पण विचारलं असतं तर दिसलं असतं, आणि तो रविवार, त्याच्या पुढचा रविवार, सगळे रविवार त्यात वाहून गेले असते. मी भित्री आहे असं नाही. पण तिचा जीव कुठे नुकता भांड्यात पडला होता, आणि तो पाडण्यात माझाच हात होता.

कुणी विचारलं तर मी 'प्लास्टिकमध्ये आहे' एवढंच सांगते. समोरच्याला बादल्या आणि टब आठवतात आणि विषय संपतो. आम्ही वापरतो ते पॉलिमर मात्र शरीरात हळूहळू विरतं. त्याची पेन्सिलीच्या शिसाएवढी कांडी करायची, करतानाच तिच्यात एन्झाइम भरायचं, आणि कांडी दंडाच्या कातडीखाली सरकवून द्यायची. पॉलिमर झिजत जातं, एन्झाइम थोडंथोडं सुटत राहतं. सगळी मारामारी त्या 'थोडंथोडं'साठी. आधीच्या कांड्या उधळ्या होत्या, सुरुवातीलाच सगळं उडवून मोकळ्या व्हायच्या आणि मग नुसत्या पडून. आमच्या साहेबांनी उभं आयुष्य या सुटण्याला शिस्त लावण्यात घालवलं. आलेखावरची रेघ सरळ वर जायला हवी, तिला ना उंचवटा ना खड्डा. त्यांना पाठीमागे सगळे 'सरळरेघ' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. रेघ पहिल्यांदा सरळ आली त्या दिवशी त्यांनी तो कागद खिडकीला चिकटवला, आणि आम्ही सगळे उन्हात उभे राहून त्याच्याकडे लग्नातल्या फोटोसारखं बघत बसलो.

त्याआधी सुई होती. भाचीला दवाखान्यात दिवसभर झोपवायचं, शीर शोधायची, आणि एन्झाइम थेंबाथेंबाने आत जाऊ द्यायचं. शीर सापडायची नाही. हात गरम पाण्याच्या बाटलीने शेकायचे, टिचक्या मारायच्या, आणि ती रडायची नाही, फ्रॉकची कॉलर तोंडात धरून चावत राहायची. तिच्या सगळ्या फ्रॉकांच्या कॉलरी कुरतडलेल्या. घरी येईतो अंगभर पित्त उठायचं. पुढची सुई यायच्या आधीच बहीण दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. कांडीची चाचणी सुरू झाली तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनीच तिचं नाव घातलं, मी लांब राहिले, तसा नियमच आहे. कांडी बसली, आणि काही दिवसांतच ही पोरगी घरभर पळायला लागली. पळायला! एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, गोल गोल, दम लागेपर्यंत. मेहुण्याने तिचं नाव भिंगरी ठेवलं. बहिणीने मला मिठी मारली, आमच्यात तशी पद्धत नाही, आणि म्हणाली, "ताई, संपलं ना गं ते आता?" मी म्हटलं, "संपलं." भाची दंडावर बोट ठेवून सगळ्यांना सांगायची, ही माझी कांडी, मावशीने केलीये.

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले ती सरळ टाकीकडे. टाकी म्हणजे कोमट पाण्याची पेटी, अंगाच्या उबेइतकी गरम. तिच्यात बाटल्या, प्रत्येक बाटलीत एक कांडी आणि थोडं खारट पाणी. ठरल्या वेळी ते पाणी काढून घ्यायचं, त्यात एन्झाइम किती उतरलं ते मोजायचं, आणि ताजं पाणी भरायचं. फुलदाणीचं पाणी बदलतात तसं. नव्या मुलींना मी पहिला धडा हाच देते: पाणी बदलायला चुकलात तर ती कांडी नासली समजा, शिळ्या पाण्यातली कांडी मोजायची नाही. हे काही आमचं खूळ नव्हे, या धंद्यात सगळीकडे असंच चालतं. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात मात्र एक बेवारशी बाटली होती. तिचं लेबल वाफेने निघून गेलेलं. कुणाची ते कळेना म्हणून कुणी पाणी बदलेना, आणि कुणाची ते कळेना म्हणून कुणी फेकेना. तिच्यावरून मी सगळ्यांवर तोंडसुख घेतलं होतं. आता मी ती उचलली आणि झाकण उघडलं.

मोजायच्या आमच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींना रंग येतो. निळा सांगतो, एन्झाइम किती आहे. पिवळा सांगतो, ते काम करतं का. पिवळ्यासाठी एन्झाइमला त्याचं खाद्य द्यायचं, वाट बघायची, आणि शेवटी सोडा घालायचा. त्याने खाल्लं असेल तर पाणी पिवळं होतं. त्या बाटलीतल्या पाण्याला निळा रंग असा गडद आला की माझा जीव एकदम हलका झाला. आहे की! भरपूर आहे! उगाच मेलं भुताला भ्यायचं. मग मी पिवळ्याची नळी लावली आणि समोर बसले. बाहेर कुणीतरी कुणालातरी चहाला बोलावत होतं. सोडा घातला. पाणी पाण्यासारखंच राहिलं. मी नळी खिडकीशी नेली, पांढरा कागद मागे धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. पुन्हा केली. पुन्हा पाणी. मग आम्लाची पट्टी बुडवली, तर ती बुडवल्याबरोबर लालभडक. पॉलिमर विरताना त्यातून आम्ल सुटतं, हे आम्हाला झोपेतही ठाऊक असतं. पण आम्ही पाणी बदलत होतो, आणि बदललेल्या पाण्याबरोबर ते आम्ल निघून जात होतं. या एन्झाइमला थोडं आंबट चालतं, किंबहुना आवडतंच. पण कांडीच्या पोटात आम्ल साठून राहिलं, तर आतलं एन्झाइम आतल्या आत मरणार, आणि मेलेलं, शिस्तीत, थोडंथोडं बाहेर येत राहणार. निळा रंग त्याला मोजणार. रेघ सरळच येणार. आणि अंगात कोण पाणी बदलायला बसलंय? कातडीखाली मांस कांडीभोवती आपलं एक पाकीट करून घेतं, त्यात कांडी बसते, आणि आंबत राहते. सुरुवातीला वरवरच्या थरातलं जिवंत एन्झाइम सुटलं तेव्हा भाची पळाली. ते पळणं खरं होतं. दवाखान्यात तिच्या रक्तात मोजत होते तो आकडाही खरा होता, फक्त तो निळा होता.

साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला आधी सांगायला हवं. "लेबल नाही?" त्यांनी विचारलं. "नाही." "म्हणजे कुठली कांडी, कधीची, काही पत्ता नाही." "आपलीच आहे, सर. टाकी आपली, खोली आपली, दुसऱ्याची येणार कुठून?" "अहो बाई, पण शिळ्या पाण्यातली कांडी मोजायची नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?" "सर, अंगातलं पाणी शिळंच असतं." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलेलं मी पाहिलं. मग चष्मा पुन्हा चढला. "मुलं बरी आहेत. सगळीकडून तसंच कळतंय." "माझी भाची गुडघे धरून उठायला लागलीये." "तुमच्या घरात पूर्वी..." ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे, तुम्हाला ते दिसणारच, बाई. रागावू नका. घरचं मूल असलं की साधी शिंकसुद्धा न्यूमोनिया वाटते. आपण नीट करून बघू. कांड्या मांसासारख्या चिकट जेलमध्ये घट्ट बसवा, पाणी बदलू नका. निकाल येऊ दे, मी स्वतः वर कळवतो." "आणि तोवर?" "तोवर काय सांगणार, बाई? एका बेवारशी बाटलीवरून?" मी मान हलवली आणि बाहेर आले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण खिडकीला अजून तो कागद होता, उन्हाने पिवळट पडलेला, आणि त्या रेघेवर माझाही जीव होता.

त्या संध्याकाळी मी चालत निघाले, आणि सगळं शहर मला गुडघे धरून उठताना दिसलं. बाकावरचा म्हातारा. दुकानाचं शटर खाली ओढून कुलूप लावलेली बाई. पाण्याचे कॅन उतरवणारा. रस्त्याकडेला सायकलची साखळी बसवून उठलेली एक तरणीताठी मुलगी, तिनेसुद्धा मांडीवर हात टेकलाच की! मग साहेब म्हणतात तेच खरं का? मी का हे शोधत फिरतेय? भाऊ गेल्यापासून मी ज्या ज्या मुलाला पाहिलं त्याला आधी जमिनीवरून उठताना पाहिलं आहे. माझ्या आयुष्याचा अर्धा भाग त्यातच गेला. मला ते खरं व्हायला हवंय का? हा प्रश्न मनात आला आणि मला स्वतःची किळस आली. मी एका पायरीवर बसले. आणि उठताना माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. माझं वय झालंय, दुसरं काय. पण माझा हात वर सरकत गेला नाही. फरक तिथे आहे. भाचीचा हात मांडीवरून वर सरकत गेला होता, थांबत, पकड घेत. दोन्ही मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेत, भावाचा आणि तिचा. वाट बघायला वेळ असता तर मी बघितली असती. पण मेलेलं एन्झाइम नुसतं निरुपयोगी नसतं. शरीराला ते परकं वाटतं. शरीर त्याच्याशी भांडायला शिकतं, आणि एकदा शिकलं की मग सुईतून जिवंत एन्झाइम दिलं तरी त्यालाही सोडत नाही. कांडी दंडात जितकी राहील तितकं ते भांडण पक्कं होणार. कांडी करणाऱ्या आम्हा लोकांनी कांडी बसवणाऱ्या डॉक्टरांशी परस्पर बोलायचं नाही, तशी सक्त ताकीद आहे. पण मुलीच्या आईला कोण अडवणार? आई म्हणू शकते, ही गुडघे धरून उठतेय, हिच्या रक्तातलं एन्झाइम काम करतंय का बघा, आणि नसेल तर कांडी काढा. ते बहिणीने म्हणायला हवं होतं. आणि ते तिला मी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याकडे गेले. मेहुणा कामावर होता. भाचीची शाळा सुटली होती, ती आतल्या खोलीत काहीतरी गुणगुणत होती. बहिणीने दार उघडलं आणि म्हणाली, "आज कशी काय वाट चुकलीस?" मी चपला काढायला वाकले तर चपलांच्या जागी एक लहान स्टूल. त्यावर नवे बूट. आत आले. मला कळेना की खोलीत काय वेगळं आहे. मग कळलं. खालचं सगळं वर गेलं होतं. भाचीचं बाहुलीघर जमिनीवर असायचं, ते टेबलावर. रंगांचा डबा खिडकीत. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी. चित्रांची पुस्तकं खालच्या फळीवरून मधल्या फळीवर. या घरात आता कुणाला जमिनीवर बसायची गरजच पडू नये, असं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून लावलं होतं. मी बहिणीकडे पाहिलं. ती गॅसकडे तोंड करून उभी होती.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कधीपासून काय?"

"सतरंजी का उचललीस?"

"धूळ बसते." तिने पातेलं ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "ताई, तू नको ना बोलूस."

"तुला दिसलंय."

"मी आई आहे तिची! मला दिसणार नाही?" ती वळली. "तुझ्याआधी दिसलंय. जिन्यावर दिसलंय, आंघोळीच्या वेळी दिसलंय. दुकानात तू हसलीस ना, तेव्हा मला वाटलं, चला, ताईला नाही दिसलं, म्हणजे नसेलच. तू नुसती हसलीस म्हणून मी दोन रात्री झोपले, माहितीये तुला?"

मी तिला बाटलीबद्दल सांगितलं, पाणी बदलण्याबद्दल, निळ्याबद्दल, पिवळ्याबद्दल. मी बोलत होते आणि ती पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत होती. "म्हणजे परत सुई," ती म्हणाली. "परत त्या बाटल्या, परत ते शेकणं. शर्यत होऊ दे तिची. एवढंच. मग मी स्वतः घेऊन जाते. ती हरेल गं, शेवटी येईल, पण पळेल तरी. थोडे दिवस, ताई. तू काही पाहिलं नाहीस असं समज ना."

तेव्हा मी तिला ते भांडण सांगितलं, शरीराचं. कांडी आत राहिली तर पुढे सुईसुद्धा लागू पडणार नाही, हे सांगितलं. मला ते जरा हळुवारपणे सांगता आलं असतं. नाही आलं. तिचं बोट काठावर थांबलं. तिच्या तोंडावरून रंग उतरत गेला. मग म्हणाली, "म्हणजे हे इतके दिवस, मी गप्प बसले ते..." आणि तिने हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला. मी तिच्याजवळ गेले. मला तिला सांगायचं होतं की हे तू नाही केलंस, आम्ही केलं, त्या स्वच्छ बाटल्यांनी. पण ते आत्ता तिच्या काय कामाचं होतं?

"मावशी!" आतून हाक आली. "इकडे ये! गंमत बघ!"

आम्ही दोघी गेलो. भाची खोलीच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली होती. बहिणीने घरातलं सगळं वर ठेवलं होतं, पण मुलीला कोण वर ठेवणार? "मी आता न धरता उठते," ती म्हणाली. "शाळेत सगळे आजीबाई म्हणतात ना, म्हणून मी शिकले. पण तुम्ही डोळे मिटायचे. बघितलं तर येत नाही. मीट ना, मावशी! आई, तू पण!" बहिणीने झटकन डोळे मिटले. मीही मिटले. फरशीवर कापड घासल्याचा आवाज आला. मग श्वास. मग एक तळहात मांडीवर पडला, फट. मग दुसरा, फट. मग पुन्हा श्वास, लांब, तोंडाने घेतलेला, तो आवाज मी उशीला टेकून बसलेल्या एका मुलाचा ऐकलाय. मी डोळे उघडले. ती अर्ध्यात होती, वाकलेली, दोन्ही हात मांड्यांवर, मान वर करून थेट माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "चीटिंग!" ती ओरडली. "तू बघितलंस!"

"हो," मी म्हटलं. "बघितलं."

ती तशीच राहिली, वाकलेली. "मग आता सांगणार?"

"हो गं, राणी."

"मग सुई?"

मी बहिणीकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते. मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "हो. सुई." आणि टेबलावरचा फोन उचलून तिने डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला, आणि घंटा वाजत असताना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "मी बोलतेय," ती म्हणाली. "नाही, बरी नाही. नाही नाही, ताप नाही. ती उठताना..." तिने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आत्ता? आत्ता आणते," ती म्हणाली.

भाची सगळं वरपर्यंत चढून आता सरळ उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने कॉलर तोंडात धरली, थोडा वेळ चावली, आणि सोडली. "मग नवे बूट घालून जाऊ?" तिने विचारलं. मी म्हटलं, घाल की. ती दाराशी जाऊन उभी राहिली, स्टुलाला टेकून, आणि एक पाय पुढे केला. मी खाली बसले आणि बूट चढवला. लेस नव्या, कडक, गाठ बसेना. एक बूट झाला. दुसरा स्टुलाच्या पलीकडे घरंगळला होता, तो आणायला मी उठले, आणि उठताना हात गुडघ्यावर टेकला, आणि तोंडातून नकळत "आई गं" निघालं. भाची एकदम हसली. दवाखाना, सुई, सगळं विसरून, जोरात, अगदी पोट धरून. आतमध्ये बहीण रिक्षासाठी फोनवर पत्ता सांगत होती.

"मावशी," ती हसू आवरत म्हणाली, "तुझी पण कांडी बिघडली का गं?"

"हो गं," मी म्हटलं, आणि तिचा दुसरा बूट घेऊन पुन्हा खाली बसले.